अभ्यासगट करून क्रिप्टोचा कोड शिकणं: फी नाही, टिप्स नाहीत, फक्त टर्न

निळी_शाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. गेले चौदा आठवडे आम्ही काही जण मिळून बिटकॉइनचं डेव्हलपमेंट शिकतोय. कोणी कोणाला पैसे देत नाही, कोणी सर नाही, कोणी मॅडम नाही. एकवीस जणांनी सुरुवात केली होती, आता सहा उरलोय, आणि हे सहा जण जागचे हलणारे नाहीत.

आधीच सांगते, नाणी कधी घ्यायची कधी विकायची याबद्दल हा धागा नाही. गटात भावाचा विषय काढायचा नाही हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तो नसता तर दुसऱ्याच आठवड्यात गटाचं टिप्सचं दुकान झालं असतं.

माझं म्हणाल तर आठ वर्षं वेबचं काम करतेय. वॉलेट जोडायचं बटण चार साइटवर लावलंय, पण ते दाबल्यावर पुढे काय होतं हे कोणी विचारलं तर तोंडाला कुलूप. रेकॉर्डेड कोर्स दोनदा घेतला, दोनदा अर्धवट सोडला. व्हिडिओ बघताना सगळं कळतं आणि रिकामी फाइल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, ज्यांना हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गटाचे पहिले तीन आठवडे वायाच गेले. एक जण स्लाइड दाखवायचा, बाकीचे माइक बंद करून बसायचे, शेवटी "काही शंका?" आणि सगळे "नाही, क्लिअर आहे". हॅश (माहितीचा ठरलेल्या लांबीचा ठसा) क्लिअर, ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) क्लिअर, अशा ब्लॉकांची साखळी क्लिअर. चौथ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, मग माझे पैसे नेमके असतात कुठे? म्हणजे माझ्या नावापुढे तो आकडा कुठल्या फाइलमध्ये लिहिलेला असतो? पंधरा जण हजर होते तेव्हा, एकालाही उत्तर देता आलं नाही. आणि तीन आठवडे आम्ही सगळे क्लिअर होतो!

उत्तर असं आहे की बिटकॉइनमध्ये शिल्लक म्हणून काही लिहिलेलंच नसतं. असतात ते आधीच्या व्यवहारांचे अजून न खर्चलेले आउटपुट. प्रत्येक आउटपुटला कुलूप असतं, ज्यांची किल्ली आपल्याकडे आहे तेवढे आउटपुट वॉलेट गोळा करतं आणि बेरीज दाखवतं. ती बेरीज म्हणजे आपली शिल्लक. ते कळायला आम्हाला अख्खी रात्र लागली आणि त्याच रात्री स्लाइड कायमच्या बंद केल्या.

त्यानंतर रेगटेस्टवर गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर) उतरवलं की त्यातच ही सोय येते, आपल्याच मशीनवर चालणारी खाजगी साखळी, नाणी बिनकिमतीची, आणि ब्लॉक निघायची दहा मिनिटं वाट बघायची नाही, हुकूम दिला की ब्लॉक तयार. एकाने स्क्रीन शेअर केली, वॉलेट बनवलं, एक ब्लॉक काढला. ब्लॉक काढणाऱ्याला नव्या नाण्यांचं बक्षीस असतं, ते ५०. शिल्लक बघितली तर ०. कमांड चुकली असेल म्हणून नवीन वॉलेट, परत ब्लॉक, परत ०. वीस मिनिटं आम्ही पंधरा जण एका शून्याकडे बघत बसलो होतो, मग कोणीतरी शिलकेचा तपशील मागवला तर तिथे वेगळ्या रकान्यात ५० पडलेले, नाव काय तर "इममॅच्युअर". म्हणजे नाणं अजून पिकलेलं नाही! ब्लॉकच्या बक्षिसाचं नाणं पुढचे १०० ब्लॉक येईपर्यंत खर्चता येत नाही, कारण साखळीचं टोक कधीकधी बदलतं, दुसरी फांदी लांब झाली की आधीचा ब्लॉक बाजूला पडतो, आणि ते नाणं तोवर कोणी पुढे दिलेलं असेल तर त्यावर उभे राहिलेले सगळेच व्यवहार कोसळतील. मग अजून शंभर ब्लॉक काढले आणि ५० दिसले. तो नियम आता आमच्यापैकी कोणी जन्मात विसरणार नाही.

त्याच रात्री दुसऱ्या एकाने हौसेने ५०० ब्लॉक काढले आणि म्हणाला बेरीज जुळत नाही, ५० गुणिले ५०० येत नाहीये. शोधलं तर रेगटेस्टमध्ये बक्षीस दर १५० ब्लॉकला अर्धं होतं. खऱ्या साखळीत ते २,१०,००० ब्लॉकनी होतं, इथे मुद्दाम आकडा लहान ठेवलाय म्हणजे टेस्ट लिहिणाऱ्याला हे अर्धं होणं (हाविंग) तपासता यावं. हे कुठल्या स्लाइडवर आलं असतं सांगा.

मग नियम बदलले. आठवड्याला एकच गोष्ट. ती प्रत्येकाने स्वतः टाइप करून आणायची. कोण समजावणार हे आधी ठरवायचं नाही, बसल्यावर चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांसमोर कोरी फाइल उघडायची आणि लिहायला लागायचं, अडला तरी चालेल, बाकीच्यांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. चिठ्ठी सुरू झाल्यावर पंधराचे नऊ झाले, नवाचे सहा. पण सहाच्या सहा जणांना आज व्यवहार हाताने बांधता येतो, सही करता येते, आणि तो का नाकारला गेला हे शोधता येतं.

कोणाला असा गट सुरू करायचा असेल तर विचारा, जमेल तसं सांगते.

शून्यापासून
वाचनखूण साठवली. खूप छान लिहिलंय ताई. मी विद्यार्थी आहे, पायथन बऱ्यापैकी येतं, सी प्लस प्लस अजिबात नाही. आणि गणिताची भीती वाटते, किल्ल्या बनवायचं ते इलिप्टिक कर्व्हचं गणित वगैरे वाचलं की डोक्यावरून जातं. तरी जमेल का?

निळी_शाई
@शून्यापासून, पायथन पुरे. बिटकॉइन कोअर सी प्लस प्लसमध्ये आहे हे खरं, पण त्याच्या फंक्शनल टेस्ट पायथनमध्येच लिहिलेल्या आहेत, नोड (बिटकॉइनच्या जाळ्यात सामील होणारा प्रोग्रॅम) चालू करा, ब्लॉक काढा, व्यवहार पाठवा आणि काय झालं ते तपासा, सगळं वाचता येईल अशा भाषेत. आमच्यातल्या दोघांना सी प्लस प्लस आजही येत नाही. गणिताचं उत्तर आमची गणितवेडी देईल, तिला हाक मारते.

गणितवेडी
आले. @शून्यापासून, भीतीचं कारण आकडे आहेत रे, कल्पना नाही. खऱ्या कर्व्हमधले आकडे २५६ बिटचे असतात, ते बघून कोणाचंही डोकं गरगरेल. म्हणून आम्ही तोच कर्व्ह १७ वर उतरवला. समीकरण तेच ठेवायचं, य² = क्ष³ + ७, फक्त प्रत्येक उत्तराला १७ ने भागून बाकी घ्यायची. आता क्ष = १ घे. १ + ७ = ८. वर्ग केल्यावर बाकी ८ कशाने येते? ५ ने, कारण २५ वजा १७ म्हणजे ८. झाला तुझा पहिला बिंदू, (१, ५). याला ग म्हणू.

आता याची स्वतःशीच बेरीज. उतार म्हणजे ३ क्ष² भागिले २ य, म्हणजे ३ भागिले १०. इथे भागाकार नसतो, १० ला कशाने गुणलं की बाकी १ येईल ते शोधायचं, १२ ने, कारण १२० वजा ११९ म्हणजे १. मग ३ गुणिले १२ = ३६, बाकी २. उतार मिळाला. नवा क्ष = उताराचा वर्ग वजा दोनदा जुना क्ष = ४ − २ = २. नवा य = उतार गुणिले (जुना क्ष − नवा क्ष) वजा जुना य = −२ − ५ = −७, म्हणजे १०. बिंदू (२, १०). ताळा कर, ८ + ७ = १५ आणि १० चा वर्ग १००, त्याची बाकीही १५. बसला!

प्रायव्हेट की (कुलपाची गुप्त किल्ली) म्हणजे ग ची स्वतःशी किती वेळा बेरीज करायची तो आकडा, पब्लिक की म्हणजे पोचलेला बिंदू. १७ वर तुला उलटं मोजत यायला दोन मिनिटं लागतील, २५६ बिटवर उलटं यायची वाट कोणाला सापडलेली नाही. बस, एवढंच आहे. या १७ च्या कर्व्हवर अनंताचा बिंदू (या बेरजेतलं शून्य) धरून एकूण १८ बिंदू आहेत. वहीत पेनाने ३ग, ४ग, ५ग काढून बघ आणि इथे लिही. कॉम्प्युटर नको, वहीच घे.

जुनाखांब
धागा चांगला आहे पण एक मतभेद नोंदवतो. वीस वर्षं या क्षेत्रात आहे, फुकटच्या गटांचं काय होतं ते बघितलंय. उत्साह ओसरला की कोणी फिरकत नाही. तुमचेही एकवीसचे सहा झालेच की. चार पैसे भरलेले असतात तेव्हा माणूस वेळ काढतो. आणि शिकवणाऱ्यालाही जबाबदारी वाटते. फुकट म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही असं होऊ नये एवढंच म्हणणं.

निळी_शाई
@जुनाखांब, मुद्दा पटण्यासारखा आहे आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना राहिलेय. दोनदा पैसे भरले, दोनदा सोडलं, पैसे गेल्याचं वाईट आठवडाभर वाटलं. इथे मात्र चौदा आठवड्यांत एकदाही दांडी मारली नाही, कारण चिठ्ठीत माझं नाव असतं आणि पाच माणसं माझ्या कोऱ्या फाइलकडे बघणार असतात. फी आपल्याला बांधते ती भरेपर्यंत. टर्न दर आठवड्याला नव्याने बांधतो.

शिकवणाऱ्याच्या जबाबदारीचं म्हणाल तर आमच्याकडे ज्याला आत्ता कळलंय तोच शिकवतो. त्याचा फायदा असा की तो कुठे अडला होता ते त्याला ताजं आठवत असतं. सातव्या आठवड्यात आम्ही बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकचं हेडर (ब्लॉकच्या सुरुवातीचा मथळा) हाताने बांधलं, ३ जानेवारी २००९ चा तो. आवृत्ती ४ बाइट, मागच्या ब्लॉकचा हॅश ३२, मर्कल रूट (ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश) ३२, वेळ ४, कठीणपणा ४, नॉन्स (हवा तसा हॅश मिळेपर्यंत बदलत राहायचा आकडा) ४, एकूण ८० बाइट. त्यावर दोनदा एसएचए-२५६ (हॅश काढायची पद्धत) लावायचा आणि प्रसिद्ध आहे तो हॅश यायला हवा, शून्यांनी सुरू होणारा. सगळ्यांचा चुकला. नॉन्स बरोबर, २०८३२३६८९३, वेळ बरोबर, तरी चुकला. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघाली त्याचाही चुकलेलाच होता पण त्याच्या लक्षात आलेलं की आपल्याला स्क्रीनवर दिसणारा हॅश बाइट उलटे करून दाखवलेला असतो, आत साठवताना क्रम उलटा, आणि साधे आकडेसुद्धा लहान बाइट आधी असे लिहायचे असतात. त्याने सगळ्यांसमोर एकेक रकाना उलटा करत नेला, शेवटचा रकाना केल्यावर शून्यांची रांग आली तेव्हा आम्ही सगळे ओरडलो. अनुभवी माणसाने पहिल्याच मिनिटाला "उलटं करा" सांगितलं असतं आणि आम्ही केलंही असतं, पण का ते कळलं नसतं.

जुनाखांब
हे मात्र मान्य. चिठ्ठीची कल्पना आवडली, आमच्या ऑफिसात नव्या मुलांसाठी करून बघतो.

सॉलिडिटीवाला
मी आधीपासून वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. बिटकॉइनच का? कामं बघाल तर जास्त करून स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची (साखळीवर ठेवलेले, आपोआप चालणारे प्रोग्रॅम) असतात, आणि तिथे गटाने शिकायला आणखी मजा येते. आम्ही पाच जण आहोत, आमची पद्धत म्हणजे दोन बाजू करायच्या, एक बाजू बँक लिहिते, दुसरी चोर लिहिते.

जून २०१६ मध्ये द डीएओ या इथेरियम साखळीवरच्या सामायिक निधीतून ३६ लाखांच्या आसपास इथर (तिथलं नाणं) काढून घेतले गेले ते ज्या चुकीमुळे, तीच आमची पहिली लढाई होती. चूक दोन ओळींच्या क्रमाची. कॉन्ट्रॅक्ट आधी पैसे पाठवतं आणि मग वहीत नोंद बदलतं. घेणारा जर स्वतः कॉन्ट्रॅक्ट असेल तर पैसे हातात पडताक्षणी तो परत "मला पैसे दे" म्हणू शकतो, वहीत अजून जुनाच आकडा आहे, परत मिळतात, परत मागतो. तिकडे शेवटी जुलै २०१६ मध्ये ब्लॉक १९,२०,००० ला साखळीच दुभंगली, ज्यांना इथर परत मिळवून देणारी दुरुस्ती मान्य नव्हती ते इथेरियम क्लासिक म्हणून जुन्या वाटेने राहिले.

आता गंमत बघा, आमच्या चोर बाजूने हल्ला बरोबर लिहिला तरी चोरी होईना, व्यवहार रद्द होऊन परत. दोन बैठका डोकं फोडलं. बँक बाजूने नोंद बदलताना वजाबाकी वापरलेली, आणि सॉलिडिटी ०.८ पासून वजाबाकी शून्याच्या खाली गेली की भाषा स्वतःच व्यवहार मागे घेते. म्हणजे चूक तशीच होती पण दुसऱ्याच कुलपाने वाचवलं. वजाबाकीच्या जागी नोंद सरळ शून्य करायची ओळ टाकली आणि बँक एका झटक्यात रिकामी. तेव्हापासून आमच्यातला प्रत्येक जण आधी तपासणी, मग नोंद, सगळ्यात शेवटी पैसे हा क्रम झोपेतही चुकणार नाही.

निळी_शाई
@सॉलिडिटीवाला, वा, हे आम्ही चोरणार (परवानगी द्याल ना). बिटकॉइनच असं काही नाही हो, आमच्या गटाला तळापासून सुरुवात करायची होती एवढंच. एकदा सही, हॅश आणि व्यवहार हाताने केले की तुमच्याकडचं वाचताना अर्धी वाट ओळखीची वाटते. पण तुमच्यासारखी दोन बाजूंची कुस्ती आमच्याकडे नाही, ती पाहिजे.

पाणवठा
एक कडू अनुभव सांगते, कारण "मोफत गट" हे शब्द वाचून इथे बरेच जण उत्साहाने कुठल्यातरी गटात शिरतील. मी अशाच एका मोफत शिकवणीच्या गटात होते, नाव घेत नाही. तीन आठवडे खरंच चांगलं शिकवलं. मग सरावासाठी म्हणून एक प्रोजेक्ट दिला, कोड उतरवा, पॅकेज इन्स्टॉल करा, चालवा. मी चालवला. त्याच लॅपटॉपवर माझं खरं वॉलेट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकामं. कोडच्या एका पॅकेजमध्ये इन्स्टॉल होतानाच चालणारी स्क्रिप्ट होती, ती फाइली उचलून पाठवत होती. गट तोवर बंद झालेला, सगळी खाती गायब. किती गेले ते महत्त्वाचं नाही, पण त्यानंतर सहा महिने मी एडिटर उघडला नाही, ते जास्त लागलं.

म्हणून हात जोडून सांगते. शिकायच्या मशीनवर खरी नाणी ठेवू नका. जुना लॅपटॉप घ्या नाहीतर व्हर्च्युअल मशीन करा. अनोळखी कोड आधी वाचा, पॅकेजच्या फाइलीत इन्स्टॉल होताना काय चालतं ते बघा. आणि बारा शब्दांची सीड (ज्या शब्दांवरून अख्खं वॉलेट परत उघडता येतं ते) कोणत्याही शिक्षकाला, अ‍ॅडमिनला, मदत करणाऱ्याला द्यायची नाही, "वॉलेट तपासून देतो" म्हणाला तर तिथून निघायचं.

निळी_शाई
@पाणवठा, हे लिहायला धीर लागतो. खूप खूप आभार. आमच्याकडे सगळं रेगटेस्टवर, खऱ्या नाण्याला गटात हातच लावायचा नाही हा नियम आहे पण तो का हे आता नव्या प्रत्येकाला तुमचा प्रतिसाद दाखवून सांगेन. आणि परत सुरुवात करायची असेल तर आमच्या गटात या, मनापासून बोलावतेय.

गणितवेडी
पाणवठाताई, वाईट वाटलं वाचून. सीडचा विषय निघालाय तर त्याचाच एक सराव सांगते, खऱ्या सीडवर मात्र अजिबात करू नका, सरावाला नवीन बनवा. यादीत २०४८ शब्द असतात, म्हणजे एक शब्द ११ बिट. बारा शब्द म्हणजे १३२ बिट, त्यातले १२८ यादृच्छिक आणि शेवटचे ४ ताळ्याचे. म्हणून अकरा शब्द मनाने निवडले तरी बारावा कुठलाही चालत नाही, २०४८ पैकी फक्त १२८ चालतात. पायथनमध्ये पंचवीसेक ओळींत ते १२८ शब्द काढता येतात. आमच्याकडे हे केल्यावर एकाने लगेच पाहिलं की आपल्या आवडीचे अकरा शब्द निवडणं हीच खरी चूक, कारण माणूस यादृच्छिक निवडत नाही.

तसंच एक दुसरं. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्या बऱ्याच बिटकॉइन वॉलेटमधून नाणी चोरीला जाऊ शकत होती, काहींची गेलीही, कारण फोनचा यादृच्छिक आकडे देणारा भाग कच्चा निघाला आणि दर सहीला नवा लागणारा गुप्त आकडा दोनदा तोच वापरला गेला. आम्ही हे कागदावर केलं. दोन सह्यांमध्ये गुप्त आकडा एकच असेल तर दोघींचा पहिला भाग सारखाच दिसतो, लगेच ओळखू येतं. मग दोन संदेशांच्या हॅशमधला फरक भागिले दोन सह्यांच्या दुसऱ्या भागातला फरक, उत्तर म्हणजे तो गुप्त आकडा, आणि तो मिळाला की शाळेतल्या समीकरणाने प्रायव्हेट की बाहेर. स्वतःच्याच बनवलेल्या कीवर केलं, की बाहेर आली तेव्हा अंगावर काटा आला. सही करणारं फंक्शन लायब्ररीतलं का वापरायचं, स्वतःचं का नाही, हे मला तेव्हा पोटातून कळलं.

रात्रपाळी
माझी अडचण वेगळी. रात्री कामावर असतो, व्हिडिओ कॉलला बसता येत नाही, आणि खरं सांगायचं तर माइक चालू करून बोलायला जीभ रेटत नाही. अशा माणसाने काय करावं?

निळी_शाई
@रात्रपाळी, नुसतं टाइप करून भेटा की. बिटकॉइन कोअर बनवणाऱ्यांपैकीच काही जणांनी २०१९ मध्ये पीआर रिव्ह्यू क्लब (पीआर म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल) म्हणून सुरू केला, तो आयआरसीवर (टाइप करून बोलायची जुनी चॅट) चालायचा, सगळं लिहून. एका बदलाचे टिपण आणि प्रश्न आधीच टाकायचे, लोक वाचून यायचे, ठरलेल्या वेळी तासभर टाइप करत बोलायचं आणि नंतर ते सगळं संभाषण साइटवर ठेवायचं. ती जुनी संभाषणं कोणालाही फुकट वाचता येतात, आणि खाली लिहिलेले प्रश्न एकेक करून सोडवत गेलात तर तोही अभ्यासगटच झाला, फक्त बाकीचे आधी येऊन गेलेत. आमच्यातले दोघे जण तर बोलत नाहीतच, स्क्रीन शेअर करतात आणि शेजारी लिहितात. लिहिलेलं उरतं हा फायदा वेगळा.

त्यातून आम्हाला सवय लागली ती जुन्या चुका वाचायची. १५ ऑगस्ट २०१० चा ब्लॉक ७४६३८ बघा. त्यात एका व्यवहाराने १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण केले, जिथे एकूण मर्यादाच २ कोटी १० लाखांची आहे. झालं काय, दोन आउटपुट प्रत्येकी ९२ अब्जांचे, त्यांची बेरीज ६४ बिटच्या आकड्यात मावली नाही, उलटून ऋण झाली, आणि तपासणी म्हणाली की खर्च मिळकतीपेक्षा कमी आहे, चालू द्या. काही तासांत दुरुस्ती निघाली, लोकांनी नवीन आवृत्ती घेतली आणि तो ब्लॉक सोडून साखळी पुढे गेली. आम्ही ती तपासणीची ओळ स्वतः लिहून बघितली, सहापैकी चौघांनी तीच चूक केली. चौघांनी! आणि आम्हाला तर उत्तर माहीत होतं.

शून्यापासून
ताई अजून एक, हे सगळं करून काम मिळतं का? घरचे विचारतात.

निळी_शाई
खोटं आश्वासन देणार नाही. आमच्यातल्या एकाचं काम यामुळे बदललं, बाकी पाच जण अजून जुन्याच कामात आहोत. पण दाखवायला काहीतरी असतं. ओपन सोर्समध्ये शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पाठवून नाव लावायची घाई करू नकोस, त्याने सांभाळणाऱ्यांचा वेळच जातो. त्यापेक्षा दुसऱ्याचा बदल उतरवून घे, बिल्ड कर, टेस्ट चालव, एक ओळ मुद्दाम बिघडवून टेस्ट पडते का बघ, आणि पडली नाही तर ते लिही. असं तपासून देणारी माणसं तिथे कायम कमीच पडतात. मी पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा पाठवायच्या बटणावर अर्धा तास बोट ठेवून बसले होते, आणि समोरून उत्तर आलं की बरोबर आहे, टेस्ट वाढवतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी आत आले.

पाणवठा
निळी_शाई, तुम्ही बोलावलंत, मी येते. जुना लॅपटॉप काढलाय, त्यावर काहीच नाहीये.

रात्रपाळी
मी पण. लिहूनच बोलेन.

निळी_शाई
या या, दोघेही या. नवीन तुकडी करूया मग, आमच्यातले दोन जण तुमच्यासोबत परत पहिल्यापासून बसतील. पहिल्या आठवड्याचं काम, नोड उतरवून त्याची सही तपासा, रेगटेस्ट चालू करा, १०१ ब्लॉक काढा, मग त्यातून १० नाणी दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, पण वॉलेटच्या मदतीशिवाय, व्यवहार हाताने बांधून. एक गोष्ट आधीच सांगते, ५० चं नाणं मोडून १० दिले की उरलेल्या सुट्ट्यांसाठी स्वतःच्याच पत्त्यावर दुसरा आउटपुट लिहावा लागतो. मी विसरले होते. सुट्टे लिहिले नाहीत तर उरलेले सगळे व्यवहाराची फी म्हणून जातात. माझं नशीब की नोडनेच फी अवाढव्य आहे म्हणून व्यवहार घ्यायला नकार दिला.

शून्यापासून
मीही येतो. आणि @गणितवेडी ताई, वहीत केलं सगळं. ३ग आला (५, ९), ४ग आला (१२, १). मग ५ग काढला तर (१२, १६), दोनदा तपासला. हा तर ४ग चाच आरसा आहे, क्ष तोच आणि १ + १६ = १७. मग दोघांची बेरीज केली की अनंताचा बिंदू, म्हणजे ९ग ला चक्र संपतं. पण तुम्ही तर म्हणालात एकूण १८ बिंदू आहेत. ग पासून निघून मी फक्त ९ वर पोचतोय. उरलेले ९ कुठे आहेत? मी कुठे चुकलो का?

गणितवेडी
नाही रे, एकही आकडा चुकलेला नाही.

निळी_शाई
@शून्यापासून, आता कोणी उत्तर सांगू नका. हा प्रश्न घेऊनच ये, खऱ्या कर्व्हवर असं होतं का हेही बघून ये. पहिल्या बैठकीला चिठ्ठी काढायची नाही, पहिला टर्न तुझा.